वस्तू घेऊन या, माहिती देऊन जा: छोट्या संग्रहालयाने लोकांसाठी कार्यक्रम कसे घ्यावेत

बडोद्यात संग्रहालय म्हटलं की डोळ्यांपुढे कमाटीबाग येते. १८९४ साली सयाजीरावांनी उभारलेली ती इमारत, व्हेलचा सांगाडा, इजिप्तची ममी. शाळेच्या सहलीत एकदा पाहिलं की पुढे पाहुणे आले तरच तिकडे जाणं होतं. हा लेख तसल्या मोठ्या संग्रहालयांसाठी नाही. वाचनालयाच्या माडीवरची एखादी खोली, जुन्या वाड्यातली दोन दालनं, शाळेच्या शताब्दीला गोळा झालेलं सामान, गणेशोत्सव मंडळाने जपलेले फोटो अशा ठिकाणी काम करणाऱ्या मंडळींसाठी तो आहे. दांडियाबाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत मराठी घरं पिढ्यान् पिढ्या राहत आलीत, त्यामुळे उदाहरणं तिथली येतील. पण रीत कुठेही चालेल.

अशा ठिकाणी कार्यक्रम ठरला की साचा तयारच असतो: प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, भाषण, आभार, बटाटेवडा. लोक येतात, टाळ्या वाजवतात, निघून जातात. दुसऱ्या दिवशी संग्रहालयात काय वाढलं असतं? बहुतेक वेळा फक्त मांडववाल्याचं बिल. माझी कसोटी साधी आहे. कार्यक्रम झाल्यावर संग्रहालयाच्या नोंदवहीत निदान एक नवी ओळ यायला हवी. स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात समोर बसलेल्या लोकांना काचेमागच्या चिठ्ठीपेक्षा जास्त माहीत असतं. त्यांना दोन तास गप्प बसवून भाषण ऐकवणं म्हणजे विहिरीपाशी येऊन टँकर मागवणं.

आधी वस्तू, मग कार्यक्रम

'या महिन्यात काय घेऊ या?' हा प्रश्न बैठकीत विचारू नका. कपाटापाशी उभे राहा आणि जिची चिठ्ठी सगळ्यात लंगडी आहे ती वस्तू शोधा. 'पितळी डबा, अंदाजे शंभर वर्षे जुना.' बस, इतकंच लिहिलेलं असतं. डबा कुणाचा, कशाचा, कप्पे पाच का, झाकणावर कोरलेली अक्षरं कुणाची? यातला एक प्रश्न निवडा. कार्यक्रमाचा प्रकार त्या प्रश्नातूनच ठरतो. 'हे कोण?' असा प्रश्न असेल तर फोटो ओळखण्याचा दिवस घ्या. 'हे कसं वापरायचे?' असेल तर करून दाखवणारी आजी शोधा. 'हे कुठे होतं?' असेल तर फेरी काढा. 'यावर काय लिहिलंय?' असेल तर मोडीचा वर्ग घ्या.

पहिल्या वर्षी चारच कार्यक्रम घ्या. दर महिन्याला काहीतरी करू म्हणणारी समिती दिवाळीपर्यंत थकते.

तारीख काढताना

आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १८ मे रोजी असतो. बडोद्याचा मे महिना माहीत असलेला माणूस त्या दिवशी दुपारी चारचा कार्यक्रम ठेवणार नाही. ठेवायचाच तर सकाळी आठला किंवा संध्याकाळी सातनंतर. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिनही उन्हातच येतो. मला १९ ते २५ नोव्हेंबरचा वारसा सप्ताह जास्त सोयीचा वाटतो: दिवाळी आटोपलेली असते, हवा बरी असते, लग्नाला आलेले परगावचे नातेवाईक घरात असतात. नवरात्रीच्या नऊ रात्री सोडून द्या, तेव्हा शहरात गरब्याशिवाय काही चालत नाही. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, लोक पतंग उडवत गच्चीवर असतात. बोर्डाच्या परीक्षांत तर आई-वडीलही घराबाहेर पडत नाहीत. उलट आषाढी एकादशीला विठ्ठलाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो त्याच्या आधीचा आठवडा फार चांगला. जुने फोटो, मिरवणुकीच्या आठवणी, पालखीमागे कोण चालायचं, हे सगळं तेव्हा लोकांच्या ओठांवर असतं.

'वस्तू घेऊन या' दिवस

हा माझा सगळ्यात आवडता प्रकार आणि सगळ्यात जास्त तयारी मागणारा. लोकांनी घरातली एक जुनी वस्तू, फोटो किंवा कागद आणायचा, आपण त्याची नोंद घ्यायची, स्कॅन किंवा फोटो काढायचा आणि वस्तू त्यांच्या हातात परत द्यायची. ठेवून घ्यायची नाही, त्याबद्दल पुढे सांगतो.

विषय अरुंद ठेवा. 'जुन्या वस्तू' म्हटलं की लोक माळा रिकामा करून आणतात. 'आजव्याचं पाणी घरात येण्याआधीची भांडी', 'डभोई-मियागामच्या छोट्या गाडीची आठवण', 'शाळेचा वर्गफोटो' असं काही सांगा. डभोई-मियागाम ही अरुंद रुळांची गाडी १८६२ साली बैल जोडून सुरू झाली होती आणि आजव्याच्या तलावाचं पाणी शहरात १८९२ साली आलं. असा एखादा ठोस तपशील आवाहनात टाकला की 'अहो, आमचे पणजोबा तिथंच होते' असे फोन यायला लागतात. आवाहन मराठीत आणि गुजरातीत, दोन्हीत छापा. मराठी घरातली नातवंडंही आता गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातली असतात, आणि बऱ्याचदा आजीला रिक्षात बसवून आणणारी तीच असतात.

काय आणू नये हेही स्पष्ट लिहा. सरदारी-मानकरी घरांतून तलवार, दांडपट्टा, ठासणीची बंदूक हमखास निघते. शस्त्रं रस्त्याने आणायला लावू नका, फोटो मागवा. वाघनखाचं लॉकेट, वाघाचं कातडं, हस्तिदंती पेटी यांना १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. अशा वस्तू टेबलावर आल्या तर हात न लावता 'घरी ठेवा, वनखात्याला विचारा' एवढंच सांगा. शेतात किंवा पायाखणीत सापडलेली मूर्ती वा नाणी कुणी आणली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तेही शांतपणे सांगा, घाबरवू नका. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतात. म्हणून खरेदी-विक्रीची बोलणी आपल्या छताखाली होऊच द्यायची नाहीत.

कारण पहिला प्रश्न तोच येतो: 'याचे किती येतील?' तीन टेबलांवरच्या सगळ्या स्वयंसेवकांचं उत्तर एकच असलं पाहिजे: 'आम्ही किंमत सांगत नाही, माहिती घेतो.' एकाने जरी अंदाज सांगितला तरी तो रात्रीपर्यंत गल्लीभर होतो.

टेबलं तीन लागतात. पहिल्यावर टोकन आणि फॉर्म, दुसऱ्यावर फोटो-स्कॅन, तिसऱ्यावर काळजीचा सल्ला. दुसऱ्या टेबलावर माणसामागे पंधरा मिनिटं धरा. म्हणजे तासाला चार, चार तासांत सोळा. गर्दी जास्त वाटत असेल तर स्कॅनचं टेबल वाढवा, वेळ कमी करू नका. घाई झाली की गोष्ट सुटते आणि नुसता फोटो हाती राहतो. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना सरावासाठी असे दिवस हवेच असतात. एक पत्र आणि दोन वेळचं जेवण एवढ्यावर उत्तम हात मिळतात.

फॉर्म एका पानाचा असावा. वस्तूला घरात काय म्हणतात, कुणी वापरली, कुठून आली, अंदाजे कधीची, आणखी कुणाला विचारता येईल. शेवटी तीन चौकोन: फोटो प्रदर्शनात लावू का, नाव लिहू का, इंटरनेटवर टाकू का. प्रत्येकावर वेगळी खूण, खाली सही. 'आणखी कुणाला विचारता येईल' ही ओळ गाळू नका. पुढचे दोन कार्यक्रम याच ओळीतून निघतात.

फोटो ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन करा, कागद ४०० ला चालतात. चार बाय सहा इंचाचा रंगीत फोटो ६०० ला सुमारे २६ एमबीची टिफ फाईल देतो, म्हणजे शंभर फोटोंना अडीच जीबीच्या आसपास. हार्ड डिस्क दोन ठेवा, एक संग्रहालयात आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरी. तिसरी प्रत ऑनलाइन. विश्वामित्री नदी २०२४ च्या ऑगस्टमध्ये कुठवर आली होती ते आठवा, म्हणजे दोन्ही डिस्का एकाच तळमजल्यावर का ठेवू नयेत हे वेगळं सांगावं लागणार नाही.

फोटोची ओळख पटवताना चेहऱ्यावर जाऊ नका. आधी उलटा करा. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, शाईने लिहिलेलं नाव असतं. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला मोठा फोटो साधारण १८७० ते १९१० च्या दरम्यानचा. दातेरी कडांचा छोटा फोटो बहुधा १९३० ते ५० च्या दशकातला. मग कपडे पाहा: पागोटं की टोपी, नऊवारी की पाचवारी, मुलांच्या पायात बूट आहेत का. मागे दुकानाची पाटी दिसत असेल तर स्कॅन मोठा करून ती वाचा. आणि दोन म्हाताऱ्या एकाच बाईला 'ही आमची काकू' आणि 'छे, ही तर शेजारच्या वाड्यातली' असं म्हणत असतील तर भांडण सोडवायला जाऊ नका. दोन्ही म्हणणी नावानिशी लिहा. एखादी खोडायचा अधिकार आपल्याला नाही.

काळजीच्या टेबलावर सांगायच्या गोष्टी थोड्याच, पण लोकांना त्याच सर्वांत उपयोगी वाटतात. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. फोटोमागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलने, फोटो सपाट ठेवून. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, आधी पानासकट स्कॅन करा. पितळी भांड्यावर नाव कोरलेलं असेल तर चिंच, पितांबरी, राख सगळं बंद, कारण दर घासणीला अक्षर उथळ होतं. शालू-पैठणी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या मलमलीत ठेवा आणि वर्षातून दोनदा घडी बदला, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते. पुरात भिजलेले कागद उन्हात घालू नका. पंख्याखाली, टीपकागद मध्ये घालून, टीपकागद बदलत सुकवा. दोन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्यात सगळं उरकत नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका आणि नंतर थोडं थोडं बाहेर काढा.

हो, आणि सेव-उसळ. बडोद्यात तिच्याशिवाय कार्यक्रम झाल्यासारखं वाटत नाही, मलाही वाटत नाही. पण ती अंगणात, शेवटी आणि हात धुण्याची जागा असेल तरच. तर्रीचं एक बोट आणि शंभर वर्षांचं पत्र, दोघांची गाठ पडू देऊ नका.

आता वस्तू ठेवून घेण्याबद्दल. भावनेच्या भरात लोक म्हणतात, 'घ्या हे संग्रहालयालाच, आमच्याकडे कोण बघणार?' त्या दिवशी घेऊ नका. महिन्याभराने घरी जा, घरातल्या सगळ्या हिस्सेदारांना विचारा, मग दानपत्रावर सह्या. नाहीतर वर्षाने पुतण्या दारात उभा राहतो. उसनवारीवर वस्तू घेतली तर परतीची तारीख लिहिल्याशिवाय पावती देऊ नका. तारीख नसलेली उसनवारी पुढे दोन्ही बाजूंना डोकेदुखी होते.

तिळगुळाचा कार्यक्रम

संक्रांत ते रथसप्तमी घरोघरी हळदीकुंकू चालू असतं. बायका नटून बाहेर पडलेल्या असतात, गप्पांच्या तयारीत असतात. संग्रहालयाला याहून चांगली संधी नाही. फक्त नाव 'तिळगुळ समारंभ' ठेवा. हळदीकुंकू म्हटलं की ज्या म्हाताऱ्या बायकांना सगळ्यात जास्त आठवतं त्यांच्यापैकी कितीतरी जणी घरी बसतात. प्रत्येकीने स्वयंपाकघरातली एक जुनी वस्तू आणायची: रवी, विळी, शेवेचा सोऱ्या, अडकित्ता, पुरणाची चाळण. वाण म्हणून संग्रहालयातल्या एखाद्या जुन्या फोटोची छोटी प्रत द्या, मागे कोऱ्या ओळी ठेवा: 'यात कुणी ओळखीचं आहे का?' घरी जाऊन सासू, जाऊ, नणंद तो फोटो बघतात आणि आठवड्याने चिठ्ठ्या येतात. वस्तू कशी धरायची, कुठला हात कुठे, हे मोबाईलवर चित्रित करा. विळीवर बसून नारळ खवताना पाय कुठे ठेवतात हे कुठल्याही चिठ्ठीत मावत नाही.

आठवणी सविस्तर ध्वनिमुद्रित करायच्या तर वेगळा दिवस ठरवा आणि सांगणाऱ्यांच्या घरी जा. तासाभरात माणूस दमतो. छताचा पंखा बंद करा, फोन उशीवर ठेवा, सुरुवातीला नाव आणि तारीख आपल्या आवाजात बोला. 'तुम्ही महाराजांना पाहिलंत का?' या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर मिळतं. 'सकाळी पाणी कोण भरायचं?' असं विचारलं की अख्खा वाडा जागा होतो.

मोडीचा वर्ग

मराठी घरांतल्या ट्रंकांत मोडी कागद पडून आहेत आणि ते कुणाला वाचता येत नाहीत. दोन रविवार, दोन-दोन तास, पंधरा जण, याहून मोठा वर्ग नको. पहिल्या दिवशी आधी पानभर रेघ मारून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची. देवनागरीत आपण उलटं करतो, म्हणून हात अडखळतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही हे कळलं की अर्धी भीती जाते. बोरू मिळाला तर उत्तम, नाहीतर कापलेल्या निबाचं पेन चालतं.

दुसऱ्या दिवशी लोकांनी आणलेल्या कागदांचे स्कॅन वाचा, मूळ कागद टेबलावर नको. सुरुवात तारखेपासून करा, तिथे यश लवकर मिळतं. शके असेल तर ७८ मिळवा, पौष-माघ-फाल्गुनात ७९ लागू शकतात. गुजरातचं संवत कार्तिकापासून सुरू होतं. त्यामुळे कार्तिकापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा करायचे, पुढे आश्विनापर्यंत ५६. एकाच ट्रंकेत शके आणि संवत दोन्ही सापडतात, कारण पत्र मराठी आणि व्यवहार गुजराती सावकाराशी. चार तासांत कुणी मोडी शिकत नाही. पण कागद घरचा हिशेब आहे, पत्र आहे की जमिनीचा दस्तऐवज आहे एवढं ओळखता येतं, आणि मग तो रद्दीत जात नाही.

फेरी

रविवारी सकाळी सातला निघा, मांडवीपाशी नंतर पाय ठेवायला जागा नसते. वीस-पंचवीस माणसं, दीड तास, पाच थांबे. पुढे बोलणारा एक, शेवटी सगळ्यांना हाकणारा एक. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय, सुरसागरकाठचं संगीत महाविद्यालय, जिथे मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेची परंपरा चालू आहे, आणि रावपुऱ्यातला तांबेकर वाडा हे ठरलेले थांबे. वाड्यातली भित्तिचित्रं पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. आत न्यायचं तर आधी विचारून ठेवा, आणि भिंतींना पाठ टेकणाऱ्यांवर लक्ष ठेवा.

पण फेरी नुसती गायकवाडी वैभवाची करू नका. हा मोह बडोद्यात फार होतो. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली इथे नोकरीला रुजू झाले आणि जातीपायी त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कमाटीबागेतली संकल्पभूमी हे त्या प्रसंगाचं स्मारक आहे. एक फेरी तिथूनच सुरू करा. दुसरी वाडी-पाणीगेटच्या कारागिरांची, तिसरी गिरणी आणि रिफायनरीत पाळ्या केलेल्या कामगारांची. प्रत्येक थांब्यावर तिथला राहणारा किंवा दुकानदार पाच मिनिटं बोलेल अशी व्यवस्था आधी करा. त्याला आदल्या दिवशी भेटून एकच प्रश्न द्या, नाहीतर तो तिसऱ्या मिनिटाला महापालिकेवर घसरतो.

शाळांसाठी पेटी

मुलांना संग्रहालयात आणायचं म्हणजे बस, परवानगी, पालकांच्या सह्या. त्यापेक्षा पेटी पाठवा. शंभर वर्षांपूर्वी बडोदे संस्थानात लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरायची, रीत आपल्याकडचीच आहे. पेटीत सहा-सात वस्तू, सगळ्या हाताळता येतील अशा आणि हरवल्या तरी चालतील अशा: पावशेर-अच्छेरची मापं, दौत-टाक, आणे-पैशांची नाणी, कंदील, रेशनकार्डाची प्रत. नावं सांगू नका. मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारून यायचं. मिळालेली उत्तरं पेटीतल्या वहीत.

कार्यक्रमानंतरचा आठवडा

इथेच बहुतेक जण ढिले पडतात. फॉर्मचा गठ्ठा पिशवीत, पिशवी कपाटावर. तसं होऊ नये म्हणून कार्यक्रमाची तारीख ठरवतानाच पुढच्या शनिवारची दुपार दोघांच्या नावे राखून ठेवा. प्रत्येक नोंदीला क्रमांक द्या: साल, कितवा कार्यक्रम, कितवी वस्तू. २०२५-२-१४ असा. तोच क्रमांक फॉर्मवर, फाईलच्या नावात आणि नोंदवहीत. संगणकात 'आजी फोटो फायनल नवीन' अशा नावाने ठेवलेली फाईल सहा महिन्यांनी कुणालाही सापडत नाही.

मग आलेल्या प्रत्येकाला स्कॅनची एक प्रत पाठवा. महिन्याभरात निदान चार चिठ्ठ्या बदला आणि त्यांवर माहिती देणाऱ्याचं नाव छापा, अर्थात त्या चौकोनात खूण असेल तर. समितीला अहवाल देताना उपस्थितीचा आकडा खाली लिहा. वर लिहा: किती नवी नोंद, किती चिठ्ठ्या दुरुस्त, किती जणांची नावं 'आणखी कुणाला विचारता येईल' मध्ये आली. त्या यादीतले जे सगळ्यात वयस्कर, त्यांना पहिला फोन. पुढची तारीख त्यांच्या सोयीने काढा.